बैठका घालणाऱ्याने बारबेल स्क्वॉट कसा शिकावा

प्रश्न असा आहे. वय २२, वजन ६५ किलो. तालमीत काही वर्षं रोज दोन-अडीचशे बैठका होतात, पोलीस भरतीची तयारी चालू आहे आणि आता जिम लावली आहे. एवढ्या बैठका होत असताना खांद्यावर बार (वजनं लावायची लांब लोखंडी दांडी) घेऊन स्क्वॉट करायची गरज आहे का? दोन्ही एकच नाहीत का? खोल बसलं की गुडघे जातात हे खरं का? आणि सुरुवात नेमकी कशी करायची?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं लगेच देता येतात. गरज आहे, दोन्ही एक नाहीत, आणि निरोगी गुडघे नीट केलेल्या खोल स्क्वॉटने जात नाहीत. चौथ्याला वेळ लागेल. बैठकांची सवय असलेला माणूस बारखाली उभा राहिला की त्याच्या निम्म्या सवयी कामाला येतात आणि निम्म्या आडव्या येतात. कुठल्या कुठल्या, हे आधी कळलं तर दोन-तीन महिने वाचतात.

बैठक घालताना पाय जवळ असतात, खाली जाताना टाचा उचलल्या जातात, गुडघे चवड्याच्या बरेच पुढे जातात, हातांचा झोका असतो आणि तळाला मांडी पोटरीवर आदळून एक उसळी मिळते. ही लय आहे, आणि तीच तिची खुबी आहे. कुस्तीत खाली घुसून पाय धरायचा, परत उठायचं, पुन्हा घुसायचं, हे दम न लागता करता यावं म्हणून ती घडली. पण वजन कायम तुमचंच. पहिल्या महिन्यात ५० बैठकांनी मांड्या भरून येतात, पुढे २०० ला येतात, नंतर ३०० ला. स्नायू जास्त वेळ काम करायला शिकतो, जास्त जोर लावायला शिकत नाही. जोर वाढवायचा तर पाच-सहा वेळाच उचलता येईल इतकं वजन लागतं आणि ते हळूहळू वाढवावं लागतं. जुन्या तालमींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. गामा पैलवान बैठकांसाठी वापरत असे ती ९५ किलोची दगडी हसली (गळ्यात अडकवायचं जड कडं) पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. अडचण एवढीच की दगडात अडीच किलो वाढवता येत नाहीत. बारमध्ये येतात. बारचा खरा फायदा हाच. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

दुसरा फरक पाठीचा. बैठकेत पाठीवर काही नसतं. बार खांद्यावर आला की मानेपासून माकडहाडापर्यंतच्या सगळ्या स्नायूंना तो भार न वाकता धरून ठेवावा लागतो. बैठकवाल्याच्या मांड्या तयार असतात, पाठ कच्ची असते. म्हणून त्याचा स्क्वॉट मांडीत अडत नाही, छाती पुढे कोसळून अडतो. हे ध्यानात ठेवा, कारण पुढच्या निम्म्या सूचना याच एका गोष्टीसाठी आहेत.

स्क्वॉटला पायाभूत म्हणतात ते का, हेही इथेच सांगतो. खुबा, गुडघा आणि घोटा हे तिन्ही सांधे एकाच वेळी मोठ्या कक्षेत वाकतात आणि धड ताठ राहतं. मांडीच्या पुढचे चार स्नायू, नितंब, मांडीच्या आतला मोठा स्नायू आणि कण्याच्या दोन्ही बाजूंचे उभे स्नायू यांना भरपूर काम मिळतं. मांडीच्या मागच्या बाजूला मात्र वाटतं तेवढं मिळत नाही. ते स्नायू खुबा आणि गुडघा दोन्ही ओलांडून जातात. बसताना एका टोकाला ताणले जातात, दुसऱ्या टोकाला सैल पडतात, त्यामुळे त्यांची लांबी फारशी बदलत नाही. १०० मीटर धावणाऱ्याला मागची मांडी लागतेच. तेव्हा स्क्वॉट करतो म्हणजे पायांचं सगळं झालं असं समजू नका. आठवड्यातून एकदा रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, खुब्यातून झुकून हातातला बार खाली नेणं आणि उठणं) हवाच.

आता गुडघ्यांचं. खोल स्क्वॉटची भीती पसरली ती मुख्यतः १९६१ मध्ये अमेरिकेत कार्ल क्लाइन यांनी मांडलेल्या निष्कर्षांमुळे. खोल बसण्याने गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात असं त्यांनी म्हटलं. पुढच्या संशोधकांना तसं आढळलं नाही, पण तोवर ‘नव्वद अंशाच्या खाली जाऊ नका’ हे वाक्य व्यायामशाळांच्या भिंतींवर चढलं होतं. होतं असं की गुडघा जसजसा वाकतो तसा वाटीमागचा दाब वाढत जातो. नव्वद अंशाच्याही खाली गेलं की मांडीचा कंडरा मांडीच्या हाडावर टेकतो आणि भार जास्त जागेवर पसरतो. शेवटी मांडी-पोटरीही एकमेकांना टेकतात. उलट अर्ध्यावर थांबणारे लोक कक्षा कमी म्हणून वजन जास्त लावतात आणि जिथे ताण मोठा तिथेच ब्रेक मारून दिशा बदलतात. ८० किलोने पूर्ण बसणारा आणि १३० किलोने अर्धा बसणारा यांत गुडघ्याची काळजी मला दुसऱ्याची वाटते.

‘गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नका’ हीसुद्धा अशीच अर्धवट सूचना. गुडघा मुद्दाम मागे रोखला की गुडघ्यावरचा ताण थोडा कमी होतो खरा, पण धड पुढे झुकतं आणि तो सगळा भार खुबा नि कंबरेवर येतो. ज्याची मांडी लांब आहे त्याचा गुडघा पुढे जाणारच. टाच जमिनीला चिकटलेली असेल आणि गुडघा पायाच्या दिशेनेच जात असेल, तर जाऊ द्या.

घोटा आधी तपासा

भिंतीकडे तोंड करून अनवाणी उभे राहा. एका पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला तर घोट्याची अडचण नाही. उकिडवं बसायची सवय असलेल्यांचा बहुधा टेकतोच. पण बैठकवाल्यांमध्ये एक गंमत दिसते: कायम टाचा उचलूनच बसल्यामुळे काहींचे घोटे आखडलेले असतात आणि इतक्या बैठकांत ते कधी कळलेलंच नसतं. टेकला नाही तर हीच चाचणी व्यायाम म्हणून रोज करा, दोन्ही पायांवर पंधरा-पंधरा वेळा. तोवर टाचांखाली दीड-दोन सेंटिमीटरची सलग लाकडी फळी घ्या. वेटलिफ्टिंगच्या बुटांची टाचही साधारण दोन सेंटिमीटर उंच असते, म्हणजे यात लबाडी काही नाही. दोन सुट्या प्लेट टाचांखाली सरकवण्याची पद्धत जिममध्ये फार दिसते. प्लेट घसरते, म्हणून ती नको.

धावायचे बूट घालून स्क्वॉट करू नका. त्यांचा तळ मऊ असतो, वजन आलं की पाय डगमगतो. सपाट कडक तळाचे कॅनव्हासचे बूट चालतील, अनवाणीही चालेल.

बारच्या आधी डंबेल

पहिले दोन आठवडे बार विसरा. १० ते १२ किलोचा एक डंबेल उभा धरून छातीला टेकवा, वरच्या प्लेटखाली दोन्ही तळवे. याला गॉब्लेट स्क्वॉट म्हणतात. वजन पुढे असल्यामुळे तोल जात नाही आणि धड आपोआप सरळ राहतं. टाचा खांद्याइतक्या अंतरावर, चवडे १५ ते ३० अंश बाहेर. बैठकेपेक्षा ही जागा बरीच रुंद वाटेल. खाली जा, कोपरं गुडघ्यांच्या आत येऊ द्या, तळाला दोन सेकंद थांबा आणि उसळी न घेता उठा.

हे थांबणं तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. बैठकेत तळाला शरीर सैल सोडायची आणि उसळीवर उठायची सवय पक्की झालेली असते. रिकाम्या अंगाने ते चालतं. खांद्यावर ६० किलो असताना तळाला सैल सोडलंत, तर त्या क्षणी भार स्नायूंवरून कंबरेच्या मणक्यांवर आणि गुडघ्यावर सरकतो. दोन सेकंद थांबून उठायची सवय लागली की ही खोड मोडते.

रुंदी किती, चवडे किती बाहेर, हे मात्र तुम्हालाच शोधावं लागेल. खुब्याच्या खोबणीची रचना माणसागणिक वेगळी असते. तळाला गेल्यावर जांघेत पुढच्या बाजूला चिमटा बसतोय असं वाटलं तर चवडे आणखी थोडे उघडा किंवा पाय दोन-तीन सेंटिमीटर रुंद करा. बहुतेकांचा चिमटा तिथेच जातो. मित्राचा स्क्वॉट सरळ उभा दिसतो आणि तुम्ही पुढे झुकता, याचा अर्थ तुमचं चुकतंय असा नाही. त्याची मांडी आखूड आणि धड लांब असू शकतं. सगळ्यांना लागू पडणारं मोजमाप एकच आहे: वजन तळपायाच्या मध्यावर, म्हणजे बुटाची लेस बांधतो त्या जागेवर, सरळ रेषेत खाली आणि वर जायला हवं. बाजूने मोबाइल कंबरेच्या उंचीवर ठेवून व्हिडिओ काढा, लगेच दिसेल. आरशात हे दिसत नाही, आणि आरशात बघत बसलं की मान वर राहते.

२० किलोच्या डंबेलने दहा वेळा न डगमगता होऊ लागलं की बार घ्या.

बार, रॅक आणि सेफ्टी

स्पर्धेचा पुरुषांचा ऑलिंपिक बार २.२ मीटर लांब आणि २० किलोचा असतो, महिलांचा १५ किलोचा. तुमच्या जिममधला बार २० चाच असेल असं गृहीत धरू नका. स्थानिक बनावटीचे बार दिसायला तसेच, वजनाला वेगळे निघतात. वजनकाट्यावर एकदा मोजा आणि वहीत लिहून ठेवा. तसंच १.२५ किलोच्या प्लेटची एक जोडी शोधून ठेवा. बऱ्याच जिममध्ये ती नसते किंवा कोपऱ्यात धूळ खात असते, आणि पुढचे सहा महिने तीच तुमच्या सगळ्यात उपयोगाची.

रॅकचे, म्हणजे बार टेकवून ठेवायच्या चौकटीचे, हूक बगलेपासून छातीच्या मध्यापर्यंतच्या उंचीवर लावा. बार काढताना चवड्यावर उभं राहावं लागत असेल तर हूक फार वर आहेत. थकल्यावर परत ठेवताना तिथेच अपघात होतात. सेफ्टीच्या आडव्या दांड्या तुम्ही पूर्ण खाली बसलेले असताना बार असतो त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली लावा. रिकाम्या बारने एकदा बसून तपासा. उठता आलं नाही तर छाती ताठ ठेवून आणखी खाली बसायचं, बार दांड्यांवर टेकतो, खालून निसटायचं. हे रिकाम्या बारने दोन-तीनदा मुद्दाम करून बघा, म्हणजे खरी वेळ आली की घाबरायला होत नाही.

सेफ्टी नसलेले नुसते दोन स्टँड असतील तर जड वजनाला दोन्ही टोकांना एकेक असे दोन माणसं हवीत. मागून एकाने छातीला मिठी मारून उचलायची पद्धत जड वजनाला पुरत नाही. माणसं नसतील तर फ्रंट स्क्वॉट, म्हणजे बार खांद्यांच्या पुढच्या बाजूला धरून स्क्वॉट, करा. तिथे बार पुढे टाकून मागे सरकता येतं. स्मिथ मशीन हा पर्याय म्हणून सुचवला जातो, पण तिथे बारची वाट रुळांनी ठरवलेली असते, तोल सांभाळायचं काम उरत नाही. मांडीला व्यायाम होतो. स्क्वॉट शिकणं होत नाही.

एक रेप (एकदा खाली जाऊन उठणं), सावकाश

बारखाली दोन्ही पाय समांतर ठेवून शिरा. एक पाय पुढे एक मागे ठेवून बार काढला की कंबर पिळते. बार मानेच्या मणक्यावर ठेवायचा नाही. हात फिरवून पाहा, मानेच्या बुडाशी एक मणका टोचेल इतका वर आलेला असतो. बार त्याच्या खाली, खांदे मागे ओढल्यावर जी मांसल गादी तयार होते तिच्यावर बसतो. हाताची पकड खांद्यांना त्रास न होता जितकी जवळ येईल तितकी. जवळ पकडलं की पाठ आपोआप घट्ट होते. तरीही बार टोचतोय म्हणून स्पंजची नळी लावू नका. तिने बार वर उचलला जातो, गोल फिरतो आणि नेमका त्याच मणक्याकडे सरकतो. पहिले दोन आठवडे थोडं टोचतं, मग त्वचेला सवय होते.

बार याहून पाच-एक सेंटिमीटर खाली, खांद्याच्या मागच्या हाडावर ठेवून करतात त्याला लो बार म्हणतात. पॉवरलिफ्टिंगवाले तसा करतात, वजन जास्त जातं, पण धड जास्त झुकतं. तुमची पाठ कच्ची आहे आणि अंगाला सरळ धडाने बसायची सवय आहे. वरचाच ठेवा.

बार उचला, दोन किंवा तीन लहान पावलं मागे. चार-पाच पावलं चालत जाऊन जागा शोधत बसणारे तिथेच दमतात. पाय ठरलेल्या जागी. मग श्वास. छाती फुगवून नाही. पोट, दोन्ही कुशी आणि कंबर चारही बाजूंनी फुगेल असा. पोटात कुणी गुद्दा मारणार आहे अशा तयारीने पोट कडक करा आणि श्वास धरा. तो धरूनच खाली जायचं, उठायचं, वर आल्यावर सोडायचा, नवा भरायचा. बैठकेत प्रत्येक वेळी फुस् करून श्वास सोडायची सवय असते. बारखाली ती सोडावी लागेल, कारण पोटातला हा दाबच कण्याला आतून आधार देतो. उच्च रक्तदाब, हर्निया, नुकतंच झालेलं डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन असेल, तर श्वास धरून जड उचलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

खाली जाताना खुबा आणि गुडघा एकाच वेळी वाकू द्या. ‘आधी ढुंगण मागे’ ही सूचना नवख्यांना देतात, पण जास्त झाली की माणूस वाकून नमस्कार घातल्यासारखा दिसतो आणि मग गुडघे वाकवतो. दोन पायांच्या मध्ये बसायचं आहे. वेग दोन ते तीन सेकंद. नजर समोर तीन-चार मीटरवर जमिनीकडे. गुडघे दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या दिशेने.

किती खाली? पॉवरलिफ्टिंगचा नियम असा की खुब्याच्या सांध्यापाशी मांडीचा वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा खाली जायला हवा. भरतीवाल्याला पंच नाही, पण मोजमाप चांगलं आहे: तेच वापरलं तर प्रत्येक रेप सारखी होते आणि वजन वाढलं की खोली चोरली जात नाही. बैठकेसारखं टाचांवर बसायची गरज नाही.

उठताना छाती आणि नितंब एकाच वेगाने वर यायला हवेत. तळपायाने जमीन खाली ढकला. पहिले चार आठवडे बारवरही प्रत्येक रेपला तळाशी एक सेकंद थांबा, वजन कमी गेलं तरी चालेल.

काय बिघडतं आणि का

बैठकवाल्यांत सगळ्यात आधी दिसतं ते टाचा उचलणं. घोटा चाचणीत पास असूनही उचलत असतील तर ती निव्वळ सवय. पायाचा अंगठा, करंगळीचं बूड आणि टाच या तीन जागा जमिनीला चिकटवून मगच खाली जा. टाच उचलली गेली ती रेप मोजू नका.

नितंब आधी वर उसळतात आणि छाती खालीच राहते, हे त्यानंतरचं, आणि जास्त त्रासाचं. मग शेवटचा अर्धा भाग कंबरेने उचलला जातो. सर्वसाधारण माणसात यामागे मांडी कमी पडणं असतं. तुमच्यात बहुधा पाठ कमी पडते किंवा वजन चवड्यांवर गेलेलं असतं. व्हिडिओत बार आधी पुढे जातो की नितंब आधी उठतात ते बघा. बार आधी पुढे जात असेल तर तोल चुकलाय, टाचेकडे वजन ठेवायला शिका. तोल ठीक असून छाती कोसळत असेल तर वजन दहा टक्के कमी करून थांबून स्क्वॉट करा आणि आठवड्यातला एक दिवस फ्रंट स्क्वॉटला द्या. फ्रंट स्क्वॉटमध्ये पाठ वाकली की बार पडतो. त्यामुळे फसवायची सोयच नसते. जोडीला बारबेल रोइंगचे (पुढे झुकून बार पोटाकडे ओढण्याचे) तीन सेट.

गुडघे आत पडतात तेव्हा ‘गुडघे बाहेर’ असं ओरडण्याने थोडाच वेळ फरक पडतो. चवडे फार सरळ आहेत का, पायाची कमान आत कोसळते का, हे आधी बघा. शेवटच्या जड रेपला किंचित आत येऊन परत बाहेर जाणं वेगळं, आणि पहिल्या रेपपासून आत कोसळणं वेगळं. दुसरं असेल तर वजन उतरवा.

तळाला गेल्यावर माकडहाड आत वळतं आणि कंबर गोल होते. थोडं सगळ्यांचंच वळतं. जास्त वळत असेल तर तुमची आजची खोली त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वर आहे, एवढंच समजा. तिथपर्यंतच जा, घोट्यावर काम करा, पाय थोडे रुंद करून बघा; खोली हळूहळू वाढते. मांडीची मागची बाजू आखडलीय म्हणून हे होतं असं सांगून लोकांना महिनोन्महिने पायाची बोटं धरायला लावतात. बहुतेकदा कारण घोटा, खुब्याची रचना किंवा न भरलेला श्वास हेच निघतं.

दुखण्याबद्दल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांडीच्या मांसात दोन्ही बाजूंना सारखं दुखणं हे कामाचं दुखणं, चार दिवसांत जातं. वाटीच्या भोवती, सांध्यात, एकाच बाजूला आणि दर वेळी वाढत जाणारं दुखणं वेगळं. त्याला विश्रांती आणि कमी वजन द्या. गुडघा सुजला, अडकला, किंवा कंबरेतून कळ पायात उतरली, मुंग्या आल्या, तर व्यायाम थांबवून डॉक्टर गाठा.

आणखी एक, बैठकांच्या पैजा लावणाऱ्यांसाठी. सवय नसताना किंवा मोठ्या खंडानंतर एकदम पाचशे-हजार बैठका घातल्या, मांड्या सुजून कडक झाल्या आणि लघवी चहाच्या रंगाची झाली, तर ते नेहमीचं अंग दुखणं नाही. स्नायू फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरली आहेत आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. त्याच दिवशी दवाखान्यात जा. लिंबूपाणी पिऊन वाट बघू नका.

वजन कसं वाढवायचं

तुम्ही धावता, म्हणून आठवड्यातून दोनच दिवस. मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर. रिकाम्या बारने पाच रेपचे तीन सेट, हा पहिला दिवस. हसायला येईल इतकं हलकं वाटेल, वाटू द्या. पुढच्या प्रत्येक वेळी ५ किलो वाढवा. पाचव्या रेपचा वेग पहिलीपेक्षा स्पष्ट मंदावू लागला की, साधारण ५० किलोच्या आसपास, वाढ २.५ किलोवर आणा. सेटच्या मधे तीन मिनिटं बसा. बैठकवाल्याला हे बसणं पटत नाही, घाम न येता व्यायाम कसला असं वाटतं. पण दम लागलेला असताना पाठ टिकत नाही, आणि तुम्हाला पाठच घडवायची आहे.

८० किलोचा दिवस असेल तर आधीचे सेट असे: रिकामा बार ८ वेळा, ४० किलो ५ वेळा, ६० किलो ३ वेळा, ७० किलो २ वेळा. मग ८० किलोने ५ रेपचे ३ सेट. ही चढण सोडून सरळ ८० खाली शिरू नका, आणि प्रत्येक चढणीवर दहा-दहा रेप मारून दमूही नका.

एखाद्या दिवशी पाच रेप पुऱ्या झाल्या नाहीत तर पुढच्या वेळी तेच वजन. पुन्हा झालं नाही तर दहा टक्के उतरवा आणि पुन्हा चढा. तिसऱ्यांदा त्याच जागी अडलात तर दोन दिवसांतला एक दिवस हलका करा, मुख्य वजनाच्या ८० टक्क्यांवर; म्हणजे वाढ आठवड्यातून एकदाच होईल. वजन अडलं की बहुतेक जण कार्यक्रम बदलतात, पण आधी ताट आणि झोप बघा. ६५ किलोच्या माणसाला रोज शंभर ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. दोन अंड्यांतून जेमतेम १२-१३ मिळतात, तेव्हा डाळ, दूध, पनीर, चिकन असं दिवसभराचं एकदा बेरीज करून बघा.

आपल्या वजनाइतका बार पाचदा, हे नियमित करणाऱ्या तरुणाला काही महिन्यांत जमतं. दीडपट गाठायला बहुतेकांना वर्ष किंवा जास्त लागतं. कंबरेला बांधायच्या पट्ट्याचा विचार बार आपल्या वजनाच्या पुढे गेल्यावर करा. पट्टा कंबर सांभाळत नाही. श्वासाने फुगवलेलं पोट ज्यावर दाबायचं ती भिंत पुरवतो. पोटात श्वास भरायला न शिकलेल्याला त्याचा काही उपयोग नाही.

बैठका सोडायच्या का? नाही. संख्या निम्मी करा, स्क्वॉटच्या आदल्या दिवशी घालू नका आणि स्क्वॉटच्या दिवशी घालायच्याच असतील तर बार झाल्यावर. पन्नासचे दोन संच पुरेत. तिथे टाचा उचला, हात झोकवा, उसळी घ्या. त्या व्यायामात ते बरोबरच आहे.

भरतीच्या धावण्याशी मेळ घालताना १६०० मीटरचा वेगाचा सराव आणि जड स्क्वॉट एका दिवशी आणायचे तर सकाळी धावणं, संध्याकाळी बार, मधे किमान सहा तास. उलट क्रम नको, जड पायांनी धावताना ढब बिघडते. मैदानी चाचणीची तारीख आली की तीन आठवडे आधी वजन वाढवणं थांबवा. त्या आठवड्यांत बारवरचं वजन तसंच ठेवून सेट तीनाचे दोन, मग एक करा. शेवटचा जड दिवस चाचणीच्या सहा-सात दिवस आधी, आणि त्यानंतर फक्त हलकं धावणं, दोन-तीन छोटे स्प्रिंट आणि गोळाफेकीचे थोडे हात.